आमदारांची ये-जा : श्रीगोंदा, नगर जिल्हा आणि एक जुना प्रश्न

२०२४ च्या विधानसभा निवडणुकीत नगर जिल्ह्यातल्या बारा जागांपैकी सहा जागांवर माणूस बदलला. २०१९ ला आठ जागांवर बदलला होता, २०१४ ला सहा जागांवर. जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे. मतदारसंघांची आजची आखणी २००९ पासून लागू आहे. त्यानंतरच्या तीन निवडणुका धरल्या तर छत्तीस निकालांपैकी वीस वेळा मावळत्या आमदाराच्या जागी दुसरे कोणी आले आणि सोळा वेळाच तोच माणूस परत आला. २००९ पासून चारही वेळा एकच नाव निवडून आले ते फक्त शिर्डीत, राधाकृष्ण विखे पाटील यांचे. संगमनेरला १९८५ पासून सलग निवडून येणारे बाळासाहेब थोरात २०२४ ला अमोल खताळ यांच्याकडून पराभूत झाले आणि जवळजवळ चाळीस वर्षांची एक मालिका तुटली.

एवढे आकडे वाचले की वाटते, या जिल्ह्यात सत्ता कुणाच्या घरी मुक्कामाला राहत नाही. मतदार जागा आहे, नाराज झाला की बदलतो आणि नव्या माणसाला संधी देतो. राज्यशास्त्राचे अभ्यासकही सभागृहातल्या नव्या सदस्यांचे प्रमाण लोकशाहीच्या प्रकृतीची एक खूण म्हणून मोजतात. प्रमाण फार कमी असेल तर सभागृह साचते, फार जास्त असेल तर तिथे अनुभव टिकत नाही. पण बदल किती झाला याइतकेच तो कोणाकडून कोणाकडे झाला हेही पाहावे लागते. श्रीगोंदा तालुक्यातून पाहिले की या दोन गोष्टींमधले अंतर फार स्पष्ट दिसते. म्हणून हा आढावा.

या प्रश्नावर पहिला मोठा वाद झाला तो अमेरिकेत, तिथली राष्ट्रीय सभा अजून बाळसे धरत होती तेव्हा. स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात तेरा राज्यांनी आपसात जो करार केला, त्याच्या पाचव्या कलमात नियमच होता की सहा वर्षांच्या कोणत्याही काळात एका माणसाने तीन वर्षांहून जास्त काँग्रेसमध्ये बसायचे नाही. प्रतिनिधी वर्षावर्षाला नेमले जात आणि राज्य त्यांना मध्येच परत बोलावू शके. राजसत्तेशी नुकतेच लढलेल्या लोकांना कायमच्या सत्ताधाऱ्यांची धास्ती होती, हे समजण्यासारखे आहे. पण नियमाने माणसाची कुवत पाहिली नाही. पुढे संविधानाच्या घडणीत ज्यांचा सर्वांत मोठा वाटा मानला जातो ते जेम्स मॅडिसन १७८० मध्ये काँग्रेसमध्ये गेले आणि १७८३ अखेर याच मर्यादेमुळे बाहेर पडले. परत आले ते १७८७ ला. त्याच वर्षी लिहिलेल्या संविधानात ही मर्यादा ठेवली गेली नाही. थॉमस जेफरसन यांना ते खटकले आणि त्यांनी पत्राने मॅडिसन यांना तसे कळवले. मॅडिसन यांचे म्हणणे वेगळे होते. कायदे करणे हे शिकावे लागणारे काम आहे आणि सगळे सदस्य नवखे असले तर सभागृह दुसऱ्यांच्या जाळ्यात सहज सापडते, असे त्यांनी संविधानाच्या बाजूने लिहिताना मांडले. दोघांच्याही बोलण्यात तथ्य होते, म्हणून तर सव्वादोनशे वर्षांनंतरही हा वाद मिटलेला नाही.

नियम गेला, तरी प्रथा राहिली. १७८९ नंतरच्या पहिल्या काही दशकांत प्रतिनिधिगृहातले तिसऱ्या हिश्श्याहून जास्त, कधी निम्मे सदस्य दर दोन वर्षांनी नवे असत. यातले बहुतेक पराभूत झालेले नव्हते, आपणहून थांबलेले होते. राजधानी आधी न्यूयॉर्क, मग फिलाडेल्फिया, मग दलदलीतले वॉशिंग्टन. प्रवासाला आठवडे लागत, मुक्काम खानावळीत, भत्ता दिवसाला सहा डॉलर. घरी शेती किंवा वकिली उघड्यावर पडलेली. राज्यातले एखादे पद मिळाले तर लोक काँग्रेसची जागा आनंदाने सोडून देत. १८१६ ला सदस्यांनी दैनिक भत्ता रद्द करून स्वतःला वर्षाला पंधराशे डॉलर पगार ठरवला, तेव्हा मतदार एवढे खवळले की पुढच्या सभागृहात जवळजवळ दोन तृतीयांश सदस्य परतले नाहीत. कायदाही लगेच मागे घ्यावा लागला. इलिनॉयच्या स्प्रिंगफिल्ड भागातल्या व्हिग पक्षात तर एकेकाने एकच मुदत घ्यायची अशी समजूतच होती. आधी हार्डिन, मग बेकर, मग अब्राहम लिंकन. १८४७ ते १८४९ ही दोन वर्षे काँग्रेसमध्ये काढून लिंकन वकिलीकडे परतले. त्यांच्या पाठोपाठ उभे राहिलेले लोगन मात्र हरले आणि पक्षाने ती जागा गमावली.

आज त्याच प्रतिनिधिगृहात पुन्हा उभे राहणाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त लोक बहुतेक निवडणुकांत निवडून येतात. आपल्याकडे चित्र उलटे आहे. २०२४ ला लोकसभेत गेलेल्या ५४३ जणांपैकी २८० पहिल्यांदाच खासदार झाले. नवख्यांच्या प्रमाणात आपण आजच्या अमेरिकेपेक्षा दोनशे वर्षांपूर्वीच्या अमेरिकेच्या जवळ आहोत. मात्र साम्य इथेच संपते. तिथे माणूस जागा सोडून घरी जात होता. आपल्याकडे आपणहून जागा सोडणारा आमदार शोधावा लागतो. तो पडतो, त्याचे तिकीट कापले जाते किंवा तो जागा घरातल्याच कुणाला देतो.

आता नगर जिल्ह्यातले ते वीस बदल उघडून पाहू.

२०१४ ला अकोल्यात मधुकर पिचड यांच्या जागी वैभव पिचड आले, वडिलांच्या जागी मुलगा. कोपरगावला अशोक काळे यांच्या जागी स्नेहलता कोल्हे आल्या, त्या माजी मंत्री शंकरराव कोल्हे यांच्या सूनबाई. २०१९ ला तिथेच आशुतोष काळे आले, ते अशोक काळे यांचे पुत्र आणि शंकरराव काळे यांचे नातू. काळे आणि कोल्हे या दोन घराण्यांमधली कोपरगावची चढाओढ पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. शेवगावला चंद्रशेखर घुले यांच्यानंतर मोनिका राजळे आल्या, माजी आमदार राजीव राजळे यांच्या पत्नी. नगर शहरात अनिल राठोड यांच्यानंतर संग्राम जगताप आले, त्यांचे वडील अरुण जगताप विधान परिषदेत होते. राहुरीत २०१९ ला प्राजक्त तनपुरे आले, प्रसाद तनपुरे यांचे पुत्र. कर्जत-जामखेडला त्याच वर्षी रोहित पवार आले, त्यांचे घराणे सांगायची गरज नाही. श्रीगोंद्यात २०२४ ला बबनराव पाचपुते यांच्या जागी विक्रम पाचपुते आले. म्हणजे वीसपैकी किमान आठ बदल आधी सत्तेत असलेल्या घरांमधले.

आणखी तीन बदलांत नवा आमदार जुनाच होता. नेवाशात २०१९ ला शंकरराव गडाख पाच वर्षांच्या खंडानंतर परतले, श्रीगोंद्यात त्याच वर्षी बबनराव पाचपुते परतले आणि राहुरीत २०२४ ला शिवाजी कर्डिले. कागदावर हे तिन्ही बदल आहेत. सभागृहात मात्र तीन जुनी माणसे परत आली.

उरतात नऊ. त्यात अकोल्याचे डॉ. किरण लहामटे, पारनेरचे नीलेश लंके आणि संगमनेरचे अमोल खताळ अशी नावे येतात. यातले प्रत्येक नाव घराण्यांच्या पूर्ण बाहेरचे आहे असे माझे म्हणणे नाही, पण वीसच्या निम्म्याहूनही कमी बदलांना नव्या माणसाची संधी म्हणता येते एवढे यावरून नक्की ठरते. लंके यांचे पुढचे पाऊलही पाहण्यासारखे आहे. २०२४ ला ते लोकसभेत गेले, विधानसभेला पारनेरमधून त्यांच्या पत्नी राणी लंके उभ्या राहिल्या आणि काशिनाथ दाते यांच्याकडून अगदी थोड्या मतांनी हरल्या. घराण्याबाहेरून आलेल्या माणसाच्या जागेवरही दुसऱ्याच निवडणुकीत घरातला उमेदवार उभा राहतो. यात मी एकट्या लंके यांना दोष देत नाही. तिकीट मागायला तयार असलेले, गावोगाव ओळख असलेले आणि नेत्याला भरवशाचे वाटेल असे दुसरे माणूस पक्षांनी तयारच केलेले नसते, आणि हा दोष सगळ्याच पक्षांचा आहे.

श्रीगोंदा या सगळ्याचे सर्वांत ठळक उदाहरण आहे. १९८० ते २०२४ या काळात तिथे विधानसभेच्या दहा निवडणुका झाल्या. आमदार झाले चार जण. बबनराव पाचपुते सात वेळा, शिवाजीराव नागवडे १९९९ ला, राहुल जगताप २०१४ ला आणि विक्रम पाचपुते २०२४ ला. माणसे चार, घरे तीन. दहापैकी आठ विजय एका घरात.

पण याच तालुक्याच्या निकालांत फक्त पक्ष मोजले तर भलतेच चित्र उभे राहते. १९८० आणि १९८५ ला जनता पक्ष, १९९० ला जनता दल, १९९५ ला काँग्रेस, १९९९ ला पुन्हा काँग्रेस, २००४ ला अपक्ष, २००९ आणि २०१४ ला राष्ट्रवादी, २०१९ आणि २०२४ ला भाजप. एवढे बदलते चित्र राज्यात फार थोड्या मतदारसंघांत सापडेल. पक्षांच्या तक्त्यावरून कोणी परका अभ्यासक म्हणेल, श्रीगोंद्याचा मतदार दर दहा वर्षांनी मत बदलतो. प्रत्यक्षात मतदार बराचसा जागेवरच होता, नेता पक्षातून पक्षात जात होता. बबनरावांनी सात विजय सहा वेगवेगळ्या ओळखींवर मिळवले, त्यातली एक अपक्षाची. १९९९ ला त्यांना हरवणारे नागवडे काँग्रेसचे होते. २०१४ ला त्यांना हरवणारे राहुल जगताप राष्ट्रवादीचे होते, म्हणजे पाचपुते ज्या पक्षाकडून मंत्री होते आणि जो सोडून ते भाजपमध्ये गेले होते, त्याच पक्षाचे.

इथे सांगोल्याच्या गणपतराव देशमुखांची आठवण होते. शेतकरी कामगार पक्ष कधी न सोडता ते एकाच मतदारसंघातून अकरा वेळा निवडून आले. १९७२ ला आणि १९९५ ला पडले, पण परतले तेही त्याच पक्षातून. नुसत्या मुदती मोजल्या तर देशमुख आणि पाचपुते एकाच रकान्यात बसतील, दोघेही दीर्घकाळ टिकलेले. सांगोल्यात मात्र एक विचार टिकला होता, श्रीगोंद्यात टिकली ती एक यंत्रणा. ती समजून घेतल्याशिवाय तालुक्यातली ये-जा कळत नाही.

ही यंत्रणा साखर कारखान्याभोवती उभी आहे. श्रीगोंदा सहकारी साखर कारखाना आता शिवाजीराव नागवडे यांच्याच नावाने ओळखला जातो. पिंपळगाव पिसा येथील कुकडी कारखान्याला कुंडलिकराव जगताप यांचे नाव आहे, ते राहुल जगताप यांचे वडील. पाचपुते यांच्याकडे साईकृपा हा खासगी कारखाना होता. म्हणजे तिन्ही राजकीय घरांच्या मागे तीन कारखाने. उसाची नोंद कुणाकडे द्यायची, तोड वेळेवर मिळणार की ऊस वाळणार, टोळी कधी येणार, पहिली उचल किती आणि उरलेले पैसे कधी, हे प्रश्न शेतकऱ्याच्या वर्षभराच्या जगण्याचे असतात. त्यांची उत्तरे देणारी माणसे गावागावांत आधीपासून असतात, शेतकी विभागाचे कर्मचारी, संचालक, गटाचे कार्यकर्ते. विधानसभेची निवडणूक आली की तेच जाळे मतांसाठी चालते. नव्या माणसाला हे जाळे शून्यातून उभे करावे लागते. उमेदवाराला निवडणूक आयोगाने ४० लाखांची खर्चमर्यादा घालून दिली आहे. ज्याच्यामागे कारखाना आहे त्याला प्रत्येक गावात संघटना आयती मिळते, आणि तिची किंमत कोणत्याही हिशेबात धरली जात नाही.

२०२४ ची लढत पाहिली की हे आणखी स्पष्ट होते. विक्रम पाचपुते जिंकले, मताधिक्य सुमारे ३७ हजारांचे. दुसऱ्या क्रमांकावर अपक्ष उभे राहिलेले राहुल जगताप, तिसऱ्यावर उद्धव ठाकरे यांच्या शिवसेनेच्या अनुराधा नागवडे, शिवाजीरावांच्या सूनबाई. पहिली तिन्ही नावे त्याच तीन घरांतली. पक्ष राज्यात फुटले, नवे झाले, चिन्हे बदलली. १९८५ चा पक्षांतरबंदी कायदा आणि २००३ ला त्यात झालेली दुरुस्ती दोन्ही अस्तित्वात असताना २०२२ ला शिवसेना आणि २०२३ ला राष्ट्रवादी दुभंगली. एवढे होऊनही श्रीगोंद्यात पहिले तीन क्रमांक ठरलेल्या घरांनाच मिळाले.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर हा आढावा एकांगी होईल. आमदार वारंवार बदलणे ही निखळ चांगली गोष्ट नाही, आणि श्रीगोंद्याच्या शेतकऱ्याला हे अमेरिकेच्या इतिहासातून शिकायची गरज नाही. कुकडीच्या कालव्यातून तो ते कधीच शिकला आहे.

कुकडी प्रकल्पाची धरणे वर, पुणे जिल्ह्यात आहेत, येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे, पिंपळगाव जोगे. डावा कालवा जुन्नरपासून निघून पारनेर, श्रीगोंदा, कर्जत करत करमाळ्याकडे जातो. उन्हाळ्याचे आवर्तन कधी सुटणार, किती दिवस चालणार, आधी वरच्याला की आधी टेलला म्हणजे कालव्याच्या शेवटाला, यावर दरवर्षी कालवा सल्लागार समितीत ओढाताण होते. पाणी वरच्या चाऱ्यांना मुरते आणि टेलच्या शेतकऱ्यापर्यंत येईस्तोवर लिंबोणीची बाग माना टाकते. डिंभे आणि माणिकडोह जोडणाऱ्या बोगद्याचा वादही वरचे आणि खालचे असाच आहे.

आता या कालव्याच्या कडेने आमदार मोजत जा. डिंभे धरण ज्या आंबेगाव तालुक्यात आहे, तिथून दिलीप वळसे पाटील १९९० पासून २०२४ पर्यंत आठही निवडणुका जिंकले. अनेक खात्यांचे मंत्री राहिले, पाच वर्षे विधानसभेचे अध्यक्ष होते. आठवा विजय मात्र दीड हजारांच्या आसपास मतांचा होता. खाली पारनेरला २०१९ आणि २०२४ ला आमदार बदलले. श्रीगोंद्यात २०१४, २०१९, २०२४ असे तिन्ही वेळा बदलले. करमाळ्यात तर २००९ ला श्यामल बागल, २०१४ ला नारायण पाटील, २०१९ ला संजय शिंदे आणि २०२४ ला पुन्हा नारायण पाटील. धरणाच्या बाजूला पस्तीस वर्षांचा अनुभव आणि टेलच्या बाजूला दर पाच वर्षांनी वेगळा माणूस. पाण्याचे वाटप एकट्या आमदाराच्या ज्येष्ठतेवर ठरते असे मी म्हणणार नाही. जमिनीचा उंचसखलपणा, कालव्याची वहनक्षमता, धरणांतला साठा, पाटबंधारे खात्याची गणिते, सगळेच त्यात असते. जुन्नर धरणांच्याच शेजारी आहे आणि तिथेही २०१४ पासून दर वेळी आमदार बदलला आहे. पण समितीच्या बैठकीत दहा वर्षांपूर्वी काय ठरले होते, कोणत्या पत्राला कोणते उत्तर आले होते, कोणता आकडा कुणी मान्य केला होता, हे ज्याला तोंडपाठ असते त्याच्यापुढे पहिल्यांदा आलेल्या माणसाचा आवाज चढला तरी युक्तिवाद कमी पडतो. मॅडिसन यांनी नवख्या सभागृहाबद्दल जी भीती बोलून दाखवली होती, ती टेलच्या शेतकऱ्याच्या रोजच्या अनुभवाची आहे.

सभागृहात दीर्घकाळ राहण्याने काय साधते याचे महाराष्ट्रातले सर्वांत मोठे उदाहरण वि. स. पागे यांचे. १९६० ते १९७८ अशी अठरा वर्षे ते विधान परिषदेचे सभापती होते. रोजगार हमीची कल्पना त्यांनी मांडली, ती चिकाटीने पुढे नेली, १९७२ च्या दुष्काळात तिचा मोठा विस्तार झाला आणि १९७७ ला तिचा कायदा झाला. पाच वर्षांत घरी जाणाऱ्या माणसाला हे साधले असते असे मला वाटत नाही. त्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या, पाझर तलाव आणि नाला बंडिंगच्या कामावर गेलेल्या नगर जिल्ह्याने पागे यांच्या या चिकाटीचे मोल प्रत्यक्ष जगून पाहिले आहे.

म्हणजे आपल्याकडे दोन्हीकडून तोटा होतो, आणि मला या विषयात सर्वांत जास्त खुपते ते हेच. आमदार बदलतो म्हणून अनुभव साठत नाही आणि घरे बदलत नाहीत म्हणून नवी दृष्टी येत नाही. लिंकनच्या काळातल्या व्हिग पक्षाने निदान तीन वेगळ्या माणसांना एकेक संधी दिली होती. आपल्याकडे बदलाची किंमत पूर्ण मोजली जाते आणि त्याचा लाभ अर्धाच हाती येतो.

पराभव झाला म्हणजे माणूस सभागृहातून गेला असेही नाही. कर्जत-जामखेडचे राम शिंदे २०१९ ला हरले, २०२२ ला विधान परिषदेवर गेले, २०२४ ला विधानसभेला पुन्हा उभे राहून १,२४३ मतांनी हरले आणि त्याच डिसेंबरात विधान परिषदेचे सभापती झाले. वरच्या सभागृहाचे हे दार पूर्वीपासून आहे आणि त्याचा चांगला उपयोगही होऊ शकतो, अनुभवी माणूस वाया जात नाही. पण विधानसभेची नुसती बेरीज-वजाबाकी करणाऱ्याला शिंदे दोनदा बाहेर गेलेले दिसतील, प्रत्यक्षात त्यांचे वजन वाढले आहे.

खालच्या पातळीवर आपण सक्तीच्या बदलाचा प्रयोग केलेला आहे. जिल्हा परिषद, पंचायत समिती, ग्रामपंचायत इथे आरक्षण चक्रानुक्रमाने फिरते. गट महिलांसाठी किंवा एखाद्या प्रवर्गासाठी राखीव झाला की बसलेल्या सदस्याला दुसरा गट शोधावा लागतो किंवा थांबावे लागते. महिलांसाठी निम्म्या जागा २०११ पासून आहेत. यातून हजारो बाया पहिल्यांदा सभेत बसल्या, ग्रामसेवकाला हिशेब विचारू लागल्या, ही गोष्ट कमी लेखणाऱ्याशी माझे जमणार नाही. पण वरच्या पायरीवर पाहा. नगर जिल्हा परिषदेच्या अध्यक्षा २०१७ ला शालिनीताई विखे पाटील झाल्या, त्यानंतर राजश्री घुले. शालिनीताई या राधाकृष्ण विखे यांच्या पत्नी, राजश्रीताई चंद्रशेखर घुले यांच्या. दोघींच्या कामाबद्दल हे बोलणे नाही. नियमाने माणूस बदलता आला, घर बदलता आले नाही, एवढेच ते सांगते. मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यावर तर जिल्हा परिषद प्रशासकाच्या हाती गेली आणि निवडणुका वर्षानुवर्षे लांबल्या. पुढचे आमदार जिथे तयार व्हायचे ती शाळाच एवढा काळ बंद राहिली. त्याचा परिणाम २०२९ च्या उमेदवारांच्या यादीत दिसेल, आणि तेव्हा आपण पुन्हा विचारू की नवे लोक का नाहीत.

सहकारी बँकांच्या संचालकांना मात्र कायद्याने मुदत घातली आहे. २०२० च्या दुरुस्तीनंतर सलग आठ वर्षांच्या वर राहता येत नव्हते, ऑगस्ट २०२५ पासून ही मर्यादा दहा वर्षांची झाली. ठेवीदारांच्या पैशासाठी जी काळजी घ्यावीशी वाटली, ती राज्याच्या अंदाजपत्रकावर मत देणाऱ्यांबाबत का नको, असा प्रश्न कोणीही विचारील. तरीही आमदारांना मुदतीची मर्यादा घालावी या मताचा मी नाही. तीन घरांच्या तालुक्यात अशा मर्यादेचा परिणाम उघड आहे. वडिलांची मुदत संपली की मुलगा, मग सून, मग पुतण्या. मर्यादेने जाईल तो गणपतराव देशमुखांसारखा माणूस, जो यंत्रणेवर नव्हे, कामावर टिकला होता.

बदल व्हायचा तर तो उमेदवारी ठरते तिथे व्हायला हवा. आज तिकिटाचा निर्णय मुंबईत होतो, कधी दिल्लीत, आणि अर्ज भरायच्या शेवटच्या दिवसांपर्यंत लटकलेला असतो. श्रीगोंद्यात २०२४ ला भाजपच्या पहिल्या यादीत त्याच घरातल्या प्रतिभा पाचपुते यांचे नाव आले होते, प्रत्यक्षात लढले विक्रम. तालुक्यातल्या पक्षाच्या सभासदांनी मत देऊन उमेदवार ठरवण्याची पद्धत कोणत्याही मोठ्या पक्षाने इथे आणलेली नाही. बूथ सांभाळणारा, सतरंजी उचलण्यापासून सुरुवात करणारा कार्यकर्ता वीस वर्षे राबला तरी त्याची कमाल मजल पंचायत समितीपर्यंत. त्याच्या नावाची चर्चाही होत नाही आणि त्याला तिची अपेक्षाही उरलेली नाही. तालुक्याचे राजकारण यामुळे किती गरीब झाले आहे याची आपण नीट मोजदाद केलेली नाही.

पुढचा मोठा बदल संविधानाच्या १०६ व्या दुरुस्तीतून येणार आहे. २०२३ ला संमत झालेल्या या दुरुस्तीने लोकसभेत आणि विधानसभांत एक तृतीयांश जागा महिलांसाठी ठेवल्या, पण अंमल जनगणना आणि त्यानंतरच्या मतदारसंघ फेररचनेनंतर. राखीव जागा पुढच्या प्रत्येक फेररचनेनंतर बदलतील. नगर जिल्ह्याच्या बारापैकी चार जागा अशा राखीव होतील असे धरले, तर निदान तितक्या ठिकाणी बसलेल्या आमदाराला हलावे लागेल. १९८० पासून श्रीगोंद्याने एकदाही महिला आमदार निवडलेली नाही. ती जागा राखीव झाली तर पाचपुते, नागवडे आणि जगताप या घरांत उमेदवार तयार असतील. त्यांना उभे राहण्याचा पूर्ण हक्क आहे आणि त्यांच्यातली एखादी उत्तम आमदारही ठरेल. पण काष्टीच्या बाजारात वाणाचा भाव जाणणारी, महिला बचत गटाचे कर्ज फेडून दाखवणारी, ग्रामपंचायतीत दोन मुदती काढून कुकडीच्या चारीचे वेळापत्रक पाठ केलेली एखादी सरपंच या तालुक्यात आजही काम करते आहे. तिच्याकडे उमेदवारीचा अर्ज मागायला कोणत्या पक्षाचा तालुकाध्यक्ष जातो, हे फेररचनेच्या आधीच्या दोन-तीन वर्षांतच कळेल.